न्यूट्रिनोचा घनपाठ

किस्से गोळा करावे लागतात असं म्हणणाऱ्यांनी संशयी माणसाच्या हाताखाली कधी काम केलेलं नसतं. एका खोलीत असा एक माणूस बसवा, बाकीच्यांनी नुसतं हजर राहावं, किस्से आपोआप साठत जातात. आमच्या खोलीत पाटणकर सर होते. बनारसच्या विद्यापीठात फिजिक्सच्या मागच्या कॉरिडॉरमध्ये, जिन्याखालच्या अंधाऱ्या खोलीत त्यांचा ग्रुप चालायचा. ग्रुप म्हणजे आम्ही तिघं पीएच.डी.वाले. मी, म्हणजे वझे. तीन पिढ्यांपासून काशीत राहून हिंदीमिश्रित मराठी बोलणारा. दुसरा त्रिपाठी, पक्का बनारसी. आणि तिसरी सुलभा, मुगलसरायच्या रेल्वे क्वार्टर्समधून रोज ये-जा करणारी, आमच्यातली एकमेव हुशार व्यक्ती.

विषय होता गॅमा किरणांचे स्फोट. नव्वदच्या दशकात सगळ्या जगाला त्याचं वेड लागलं होतं. उपग्रहांना जवळजवळ रोज आकाशात कुठे तरी असा एक लखलखाट दिसायचा आणि बघता बघता विझायचा. सरांचं म्हणणं असं, की या स्फोटात नुसते किरण निघत नसणार. तिथे प्रोटॉन प्रचंड वेगाने प्रकाशावर आदळत असणार, त्यातून पायॉन नावाचा कण निघत असणार, तो फुटत असणार आणि त्यातून अफाट ऊर्जेचे न्यूट्रिनो बाहेर पडत असणार. किती ऊर्जेचे, एवढंच आम्हाला काढायचं होतं. आणि ते काढण्याआधी जगातलं कोणी तरी ते आमच्याकडून चोरणार, याबद्दल सरांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती!

* * *

सर फळा ओल्या फडक्याने पुसायचे. मग कोरड्या. मग त्यावर उगाच दुसरीच समीकरणं लिहून तीही पुसायचे. "लाकूड आहे ते वझे, खालचं वरती येतं."

समोरच्या खोलीत डॉक्टर भादुडी बसायचे. सरळ, हसतमुख बंगाली गृहस्थ. पान खायचे, सगळ्यांना खिलवायचे. सरांच्या मते याच्याइतकं संशयास्पद लक्षण दुसरं नव्हतं.

एक दिवस भादुडी डस्टर मागायला आले. सरांनी डस्टर दिला, दार लावून घेतलं आणि आमच्याकडे वळले.

"पाहिलंत? डस्टर मागायला आला!"

"सर, त्यांचा हरवला असेल," सुलभा म्हणाली.

"अगं, डस्टर मागायला येणाऱ्याची नजर डस्टरवर असते. याची फळ्यावर होती!"

"सर, डस्टर फळ्यावरच होता," त्रिपाठी म्हणाला.

सरांनी त्रिपाठीकडे असं बघितलं, की पुढचा आठवडाभर तो भादुडींच्या पानाला शिवला नाही.

* * *

सरांचा संशय माणसांपुरता नव्हता. गॅमा किरणांच्या स्फोटांवरही त्यांचा विश्वास नव्हता. "रोज एक जण येतो, डोळे दिपवतो आणि नाव-गाव न सांगता पसार होतो. असल्यांना मी घरात घेत नाही!" त्यांचा जीव फक्त न्यूट्रिनोवर. न्यूट्रिनो कुणाच्या अध्यात ना मध्यात. अख्खी पृथ्वी आरपार ओलांडून जातो, वाटेत कुणाशी अक्षर बोलत नाही.

"असा एक असिस्टंट मिळाला पाहिजे मला," सर एकदा उसासा टाकून म्हणाले.

त्रिपाठी पुटपुटला, "मिल भी जाए सर, तो हाज़िरी कौन लगाएगा? दिखेगा ही नहीं!"

* * *

आता मूळ गोष्ट. सरांचं घराणं रामघाटावरचं, वैदिकांचं. वडील नानाशास्त्री त्या वयातही घरी विद्यार्थ्यांना ऋग्वेद शिकवायचे. सर एकटे वाट चुकून फिजिक्सकडे आलेले. पण रक्त कुठे जातं? एके दिवशी त्यांनी जाहीर केलं, की यापुढे आपलं गणित कागदावर उतरणार नाही.

"कागद चोरीला जातो. कॉम्प्युटर तर चोरांनीच बनवलाय. आमच्या घरात हजारो वर्षं एक ओळ कुणी लिहिली नाही, आणि एक अक्षर हललं नाही. पाठ करायचं!"

आम्हाला वाटलं गंमत आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी सरांच्या गच्चीवर आमची संथा सुरू झाली. तीही मराठीत, कारण भादुडींना मराठी येत नाही! बिचाऱ्या त्रिपाठीला आधी मराठी शिकावं लागलं आणि मग न्यूट्रिनो.

नुसतं पाठ करून भागायचं नाही. वेदात शब्द हलू नये म्हणून तो पुढून, मागून, पुन्हा पुढून असा फिरवून म्हणतात, तोच घनपाठ. सरांनी तोच लावला. "प्रोटॉन-फोटॉन, फोटॉन-प्रोटॉन, प्रोटॉन-फोटॉन-पायॉन, पायॉन-फोटॉन-प्रोटॉन, प्रोटॉन-फोटॉन-पायॉन!" मान हलवत, हात वरखाली करत. खालून नानाशास्त्री ओरडायचे, "स्वर चुकतोय त्या उत्तरेकडच्या मुलाचा!"

एक गोष्ट मात्र सर कटाक्षाने पाळायचे. सुरुवातीचा भाग तिघांनी एकत्र म्हणायचा. शेवटचा भाग, म्हणजे प्रोटॉनच्या ऊर्जेतला कितवा हिस्सा न्यूट्रिनोच्या पदरात पडतो तो, एकेकाने आतल्या खोलीत जाऊन, दार लावून शिकायचा. एकमेकांसमोर तो उच्चारायचा नाही. आम्ही शपथा घेतल्या होत्या.

त्रिपाठीची खोली अहिल्याबाई घाटाजवळ होती. तो सकाळी पायऱ्यांवर बसून सुरुवातीच्या भागाचा सराव करायचा. इंदूरहून आलेल्या एका आजींनी त्याच्यासमोर नारळ ठेवला, नमस्कार केला आणि भक्तिभावाने विचारलं, "गुरुजी, हे कोणत्या देवाचं?"

त्रिपाठी डोळे न उघडता म्हणाला, "आजी, अजून सिद्ध नाही झालं!"

* * *

पावसाळ्यानंतर सरांना गच्चीचाही भरवसा वाटेना. काशीत गच्च्या एकमेकींना चिकटलेल्या, कुणीही कान लावावा. म्हणून नाव ठरवली. रामघाटावरून निघायचं, पंचगंगा घाटापर्यंत जायचं आणि परत. पाण्याच्या मध्यभागी म्हणायचं.

पहिला नावाडी निमूटपणे वल्ही मारायचा. चार दिवसांत सरांनी त्याला काढला. का? "इतके दिवस ऐकतोय आणि एक प्रश्न विचारला नाही? नक्की समजतंय त्याला!"

दुसरा आणला. रामघाटावरच्या मराठी घरांत वावरलेला, त्याला तोडकंमोडकं कळायचं. तिसऱ्या दिवशी त्याने वल्हं थांबवून विचारलं, "बाबू, ई पायॉन रोज टूट जात हौ, त नया काहे नाहीं लगवा लेत हउवा?"

आम्ही हसू दाबत बसलो. सरांचा चेहरा काळवंडला. उतरल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं.

"वझे, हा पहिल्यापेक्षा डेंजरस आहे. मुद्दाम वेड पांघरतोय!"

* * *

एकदा थंडीत मी सरांच्या घरी काकूंनी केलेला चूडा-मटर, म्हणजे मटार घातलेले आमचे बनारसी पोहे, खात बसलो होतो. सुलभा आत, शेवटचा भाग म्हणत होती. एकाएकी तिचा आवाज थांबला. मग ती हळू काही तरी बोलली. आणि मग सरांचा आवाज बाहेर आला, असा की माझा घास हातात राहिला.

"कोणी सांगितलं तुला? कुणाला भेटलीस?"

"कुणालाही नाही, सर. मागून म्हणताना माझं मलाच—"

"तू पाठ करायला आली आहेस. डोकं चालवायला मी आहे!"

सुलभा बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. काकूंनी तिच्या हातात बशी दिली. तिने ती तशीच ठेवली आणि गेली. काय झालं ते शपथेपायी तिने आम्हाला सांगितलं नाही, आम्हीही शपथेपायी विचारलं नाही. खरं सांगतो, त्या संध्याकाळी मला सरांचा राग आला होता, आणि थोडा सुलभाचा संशयही. ही खरंच कुणाला भेटत असेल का? बघा, रोग असा लागतो.

* * *

सुलभाचं खरं दुखणं वेगळंच होतं. तिला ग्वाल्हेरच्या एका कॉलेजात नोकरी मिळाली होती, पण पीएच.डी. झाली तरच. वडील गार्ड होते, रिटायर व्हायला आले होते. क्वार्टर सोडावं लागणार होतं. ग्वाल्हेरच्या पगारावरच घर उभं राहणार होतं. आणि सर थीसिसचा मुख्य चॅप्टर लिहू द्यायला तयार नव्हते!

"लिहिला की टायपिस्ट वाचणार. मग बाइंडर. मग परीक्षक. म्हणजे संपलं."

"सर, न लिहिता पीएच.डी. कशी मिळेल?"

"आमच्या वीस पिढ्या न लिहिताच विद्वान झाल्या," सर म्हणाले, आणि खिडकी लावून घेतली.

शेवटी सुरुवातीचे साधे चॅप्टर टाइप करायला त्यांनी परवानगी दिली. पण कशी? एक ओळ विद्यापीठाच्या फाटकाबाहेर, लंका मोहल्ल्यातल्या एका टायपिस्टकडे, पुढची ओळ पार गोदौलिया चौकातल्या दुसऱ्या टायपिस्टकडे. म्हणजे कुणाच्याच हाती अख्खं वाक्य लागणार नाही! सुलभा महिनाभर सायकलरिक्षातून या दोघांमध्ये फिरली. पहिल्याचा टाइप जाड, दुसऱ्याचा बारीक. कात्रीने ओळी कापून, खळीने चिकटवून तिने पानं तयार केली, ती लग्नाच्या पत्रिकेसारखी फुगली होती.

गोदौलियाच्या म्हाताऱ्या टायपिस्टने शेवटी चष्मा काढला आणि विचारलं, "बेटी, सच बताओ. घर में सब ठीक है न?"

ती मला हे सांगताना हसत होती. मग हसता हसता रडायला लागली. मी चहा सांगितला.

* * *

आणि मग तो दिवस आला. भादुडी आमच्या खोलीत शिरले, तोंडात पान, हातात झेरॉक्स.

"पाटणकर साहब, कंप्यूटर सेंटर में मिला. आपके मतलब की चीज़ है."

परदेशातला ताजा पेपर. गॅमा किरणांचे स्फोट, प्रोटॉन, पायॉन, न्यूट्रिनो. सगळं तेच! प्रोटॉनचा विसावा हिस्सा न्यूट्रिनोला मिळतो असं उत्तरसुद्धा. सर खुर्चीत बसले. मग म्हणाले, "उद्या सकाळी. नावेवर. तिघंही."

पंचगंगा घाटासमोर नाव थांबवली. सर म्हणाले, "आज शपथ सुटली. शेवटचा भाग एकेकाने सर्वांसमोर म्हणायचा."

मी म्हणालो. माझ्या पाठात पायॉन प्रोटॉनचा सातवा हिस्सा घेत होता. त्रिपाठी माझ्याकडे बघतच राहिला, कारण त्याच्या पाठात पायॉन तिसरा हिस्सा घेत होता! सुलभाच्या पाठात पायॉन पाचवा हिस्सा घेत होता, पेपरातल्यासारखाच, पण पुढे पायॉन फुटल्यावर ती ऊर्जा तिघा कणांत वाटली जात होती. पेपरात चौघांत.

म्हणजे चार वर्षं आम्ही तिघं तीन वेगवेगळी उत्तरं घोकत होतो.

सर शांतपणे म्हणाले, "मुद्दाम तशी शिकवली. ज्याची चूक बाहेर छापून येईल तो चोर, असा हिशेब होता. तिघांचीही आलेली नाही. तिघंही सुटलात."

"आणि बरोबर उत्तर, सर?" मी विचारलं.

"ते मी कुणालाच दिलेलं नव्हतं."

त्रिपाठीने जरा विचार केला. "लेकिन सर, बरोबर उत्तर फक्त तुम्हालाच माहीत. आणि छापून आलं बरोबर उत्तर. फिर तो चोर..."

सरांच्या कपाळावर घाम आला. मला वाटलं चिडतील. पण नाही, ते गंभीरपणे मान हलवत म्हणाले, "शक्य आहे. माझ्याकडूनच फुटलं असेल."

घरी पोचल्यावर त्यांनी आमच्यादेखत काकूंना विचारलं, "मी झोपेत बोलतो का गं?"

काकू वाटाणे सोलत होत्या. "झोपेत? अहो, जागेपणी तरी कधी बोललात माझ्याशी!"

परत येताना गल्लीत मी सुलभाला म्हटलं, की निदान आता शपथ तरी सुटली. ती म्हणाली, "तिघांत नाही, चौघांत वाटणी होते, हे मी त्या दिवशी आत त्यांना सांगितलं होतं. पायॉन फुटून म्यूऑन नावाचा कण होतो, त्या म्यूऑनचे तीन तुकडे होतात, पण त्याच्याआधी पायॉनमधूनच एक न्यूट्रिनो वेगळा निघून गेलेला असतो. तोच मोजायचा राहिला होता."

"म्हणजे तू त्यांची मुद्दाम घातलेली चूक पकडलीस!" त्रिपाठी खूश होऊन म्हणाला. "इसीलिए इतना भड़के!"

सुलभा पुढे चालायला लागली.

* * *

छापूनच आल्यावर लपवायचं काय राहिलं? सरांनी चॅप्टर लिहायला परवानगी दिली. सुलभाने बरोबर उत्तर घालून तो लिहिला, थीसिस गेला आणि व्हायव्हा ठरली. कलकत्त्याहून परीक्षक आले. अलाहाबादेत शिकलेले, हिंदी फर्डं, आणि नजर अशी की सर त्यांच्यापुढे भोळे वाटावेत. शेजारी डिपार्टमेंटतर्फे भादुडी. मागे मी आणि त्रिपाठी. ग्वाल्हेरचं कॉलेज त्या महिन्यापलीकडे थांबणार नव्हतं.

परीक्षकांनी थीसिस उघडला आणि शेजारी तो परदेशी पेपर ठेवला.

"यह चैप्टर यहाँ से उठाया हुआ है."

सुलभा म्हणाली, "नहीं सर. हम लोग यह चार साल से कर रहे हैं."

"बहुत अच्छा. पुराना लिखा हुआ दिखाइए."

लिहिलेलं कुठे होतं? सर मान खाली घालून बसले. सुलभाने आमच्याकडे पाहिलं, मग डोळे मिटले आणि सुरू केलं. पहिल्या प्रोटॉनपासून. पुढून, मागून, पुन्हा पुढून. भादुडींचं पान तोंडात तसंच राहिलं. परीक्षकांना मराठी येत नसली तरी कण आणि आकडे कळत होते. ते बोटाने थीसिसवर ओळी लावत गेले. शेवट आला तेव्हा त्यांनी चष्मा काढला.

"मान गया. उल्टा-सीधा इतना सब कोई कुछ महीनों में नहीं रट सकता. तरीका आपका है." मग बोट एका जागी टेकवलं. "लेकिन रटा हुआ है तीन हिस्सेदार. लिखा हुआ है चार. यह चौथा कहाँ से आया? पेपर देखकर सुधारा?"

"नहीं सर. पेपर आने से पहले सुधारा था. मैंने सर को बताया था."

"किसके सामने?"

"किसी के नहीं. दरवाज़ा बंद था."

त्रिपाठीला राहवेना. तो उभा राहिला आणि नावेवरची सगळी हकीकत सांगून मोकळा झाला. सरांनी तिघांनाही मुद्दाम चुकीचं शिकवलं होतं, बरोबर उत्तर सरांना आधीपासून माहीत होतं, चोरी नाहीच! मीही मान डोलावली. आम्हाला वाटलं, वाचवली पोरीला.

परीक्षक सरांकडे वळले.

"ऐसा है, तो सही बात आपकी हुई पाटणकर साहब. फिर इस लड़की का अपना इसमें क्या है? मैं डिग्री किसको दूँ?"

तेव्हा कुठे आम्हाला कळलं, आम्ही काय करून बसलो ते. सुलभा सरांकडे बघत नव्हती. ती टेबलाकडे बघत होती.

सर उठले. आधी भादुडींकडे पाहिलं, चांगलं बराच वेळ. मग परीक्षकांकडे.

"उन दोनों लड़कों को मैंने जानबूझकर गलत सिखाया था," सर म्हणाले. "इसको तो मैंने वही सिखाया था, जो मैं खुद सही समझता था."